दोनशे तास

“गेली,” सर फोनवर म्हणाले. आवाज पार बसलेला.

“कोण गेली, सर?”

“मालिका.”

“ती साडेसातची? बरं झालं की. सासू लै छळत होती.”

सरांनी फोन ठेवून दिला. उलगडा मागाहून झाला. गेली ती टीव्हीवरची नव्हे, स्पीकरची मालिका. सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्याने चार ओळींचं पत्रक काढून कळवलं होतं, की अक्रोडाच्या लाकडाचा पापुद्रा चढवलेले, छातीएवढ्या उंचीचे ते स्पीकर यापुढे बनणार नाहीत. लोभ आहे तो वाढावा. औसा रोडपासून अंबाजोगाई रोडपर्यंत ज्या ज्या घरात एक खोली ‘गाण्याची’ म्हणून वेगळी काढली आहे आणि तिच्यात लेकरांना, पाहुण्यांना आणि ओल्या फडक्याला मज्जाव आहे, त्या त्या घरात त्या दिवशी गॅस पेटला तो फक्त चहापुरता.

हे मालक तुम्हाला माहीत आहेत. यांच्या घरात सोफा भिंतीला टेकलेला नसतो. खोलीच्या मधोमध एकच खुर्ची असते, तिच्या पायांशी फरशीवर खडूने खुणा केलेल्या असतात. त्या खुर्चीत आपल्याला बसवतात, स्वतः बाजूला उभे राहतात आणि गाण्याकडे नव्हे, आपल्या तोंडाकडे बघत राहतात. मग विचारतात, “येतंय का?” काय यायला पाहिजे ते सांगत नाहीत. आपण “हो तर” म्हणावं, चहा प्यावा, सुटावं.

शोकसभा एका आडत्याच्या गच्चीवर झाली. माहितीपत्रकातला स्पीकरचा फोटो मोठा करून स्टुलावर ठेवला होता. हार आणला होता, पण घातला नाही. फुलांचे परागकण ट्वीटरमध्ये जातात अशी एकाला धास्ती होती, आणि अहो, हा फोटो आहे, हे त्याला सांगण्याचं धाडस कोणाला झालं नाही. प्रास्ताविक सरांनी केलं. लातूर जिल्हा अस्तित्वात आला १६ ऑगस्ट १९८२ रोजी. दुसऱ्याच दिवशी, १७ ऑगस्टला, जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या कारखान्यातून विक्रीसाठीची पहिली सीडी बाहेर पडली. हा योगायोग नव्हे, असं सर म्हणाले. तारखा खऱ्या आहेत. योगायोग नव्हे तर काय, ते मात्र सर बोलले नाहीत. उस्मानाबादेपासून वेगळं होण्याचा आणि आवाज स्वच्छ होण्याचा काहीतरी आतला संबंध असणार असं सभेने मानून घेतलं आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं ठरवलं. उभे राहिले न राहिले तोच खालून वरात गेली, त्यामुळे स्तब्धता दोनदा पाळावी लागली.

त्यानंतर जी भाषणं झाली त्यांत एकही माणूस गाण्याबद्दल बोलला नाही. कोणाला कुठला राग आठवला नाही, कुठली रात्र आठवली नाही. सगळे एकमेकांना एकच विचारत होते.

“तुमचे किती झाले?”

“एकशेचाळीस.”

“काय सांगलालाव! माझे नव्वदच. लाइट कुठं राहते ओ आमच्याकडं.”

“अरेरे. म्हणजे न उघडताच राहिले म्हणा.”

हे तास. या पंथाची श्रद्धा अशी, की नवा स्पीकर दोनशे तास वाजवल्याशिवाय ‘उघडत’ नाही. तोवर तो बंद असतो. वाजत असतो, पण बंद असतो. तोवर त्याच्यावर मत द्यायचं नाही, आवडला म्हणायचं नाही, नावडला तर अजिबात म्हणायचं नाही. आता साधा हिशेब बघा. दुकानदार माल परत घेतो सात दिवसांत. सात दिवसांचे तास होतात १६८. म्हणजे रात्रंदिवस, जेवणखाण सोडून, विजेचा एक हिसका न बसता वाजवला, तरी स्पीकर उघडणार तो परतीची मुदत संपल्यावर बत्तीस तासांनी. दोनशे हा आकडा ज्या कोणाच्या डोक्यातून निघाला त्याला लातुरात बोलावून एक क्लास काढून द्यावा. अकरावीच्या जागा तो आठवीत विकेल, आणि निकाल कसा लागला असं पालकांनी विचारलं की सांगेल, पोरगं अजून उघडायचंय.

यात खरं किती? थोडं आहे. स्पीकरमध्ये हलतो तो कोन. त्याला कडेने धरून ठेवतो तो घेर, रबराचा किंवा फोमचा. मागच्या बाजूला कॉइलला बरोबर मध्यावर धरणारी एक चुण्याचुण्यांची कापडी चकती असते. हे सगळं नवं असताना जरासं ताठ असतं आणि वाजलं की सैलावतं. पण जे सैलावायचं ते बरंचसं सुरुवातीच्या थोड्या वेळातच सैलावतं, असं यंत्र लावून मोजणारे सांगतात. पुढचे तास सैलावतो तो मालक. पैसे गेल्याचा सल कमी होतो, कान रुळतो आणि एके दिवशी त्याला साक्षात्कार होतो की उघडले! दोनशे तासांनंतर स्पीकर पहिल्यापेक्षा वाईट वाजायला लागला असं सांगणारा मालक या भूतलावर अजून जन्माला यायचा आहे. दोनशे तास कुजवून फक्त चांगलाच होतो असा दुसरा कुठलाही पदार्थ मला माहीत नाही.

बरं, लातुरात दोनशे तास वाजवणार कुठं? वरच्या मजल्यावर नीटची पोरं भाड्याने ठेवलेली. समोर अभ्यासिका. शेजारच्या गच्चीत जेईईची मुलगी कानात बोळे घालून फेऱ्या मारत पाठ करते. या गावात मोठ्याने शिंकायचं असेल तर लोक मे महिन्यापर्यंत थांबतात. त्यावर उपाय निघाला, आणि तो शास्त्रशुद्ध आहे. दोन्ही स्पीकर तोंडाला तोंड लावून उभे करायचे. एकाच्या वायरी उलट्या जोडायच्या, लाल काळ्यात आणि काळी लालमध्ये. म्हणजे याचा कोन पुढे आला की त्याचा मागे जातो, एकाचा आवाज दुसरा खाऊन टाकतो आणि बाहेर फारसं काही येतच नाही. जे काही चुकूनमाकून येईल त्यासाठी वरून आजीची गोधडी. लाख-दीड लाख रुपये मोजून आणलेली वस्तू, आणि ती ऐकू येऊ नये म्हणून हा बंदोबस्त. सर एकदा उदगीरला लग्नाला गेले तेव्हा ही जोडी तशीच गोधडीखाली सोडून गेले. तास वाढतील हा विचार. घराला कुलूप, आत मंद्रसप्तकात मालकंस. शेजारच्या काकूंना वाटलं, वहिनींना आत कोंडून सर लग्नाला गेले आणि त्या बिचाऱ्या कण्हतायत. चार माणसं जमली, कुलपावर बत्ता पडणार तेवढ्यात लाइट गेली. कण्हणं थांबलं. काकू ज्या रडायला लागल्या त्या अजून पुरत्या थांबलेल्या नाहीत म्हणतात. सरांनी परत आल्यावर पहिली चौकशी काय केली असेल? लाइट नेमकी किती वाजता गेली. वहीत मांडायला पाहिजे ना. वही आहे. दुधाची असते तशी, तारीखवार, शेवटी बेरीज, आणि दर पानाच्या तळाशी सरांची सही.

२०१६ च्या उन्हाळ्याचंही सांगून टाकतो. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात लातुरात असं घर नव्हतं जिथं पलंगाखाली, जिन्याखाली, देवघरापुढे बॅरल नव्हतं. सरांच्या घरातली सगळ्यात मोठी मोकळी जागा म्हणजे गाण्याची खोली. वहिनींनी निळं बॅरल तिथं लोटलं. सरांनी हरकत घेतली. सरसकट नाही, तत्त्वाने. भरलेलं बॅरल चालेल म्हणाले, रिकामं चालणार नाही. रिकामं खर्जाला घुमतं. यातही शास्त्र आहे, पोकळ भांडं घुमतंच. पण २०१६ साली लातुरात बॅरल भरलेलं राहील अशी अट घालणारा माणूस कुठल्या गावात राहत होता? वहिनी ते बॅरल टँकर आला की आत लोटत आणि संध्याकाळी बाहेर काढत. सरांना त्या उन्हाळ्याबद्दल विचारा. खर्ज साफ लागत नव्हता एवढंच आठवतं त्यांना.

सभेत कोणी तरी ३५,००० हर्ट्झपर्यंत जाणाऱ्या ट्वीटरबद्दल हळहळलं. तो आता मिळणार नाही. भर तारुण्यात माणसाचा कान २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि साठीच्या पुढे बहुतेकांना १२,००० च्या वरचं फारसं कळत नाही. सभेतला सर्वांत कोवळा मालक बावन्न वर्षांचा होता. वरचे वीसेक हजार हर्ट्झ हे लोक वटवाघळांसाठी घेतात. जाऊ द्या, भूतदया आहे.

खरी कडी पुढेच आहे. मालिका बंद झाली आणि तास मोजणं एका रात्रीत थांबलं. कारण आता वूफर उडाला तर दुसरा मिळणार नाही. तेव्हा वाजवायचेच नाहीत! परवापर्यंत उघडावेत म्हणून गोधडीखाली होते, आज झिजू नयेत म्हणून त्याच गोधडीखाली आहेत. मधे कुठं तरी एक दिवस ऐकायचा असायला हवा होता. तो कोणत्या तारखेला पडला म्हणून मी वही मागून पाहिली. नोंद नाही. बारा वर्षांत एकशेचाळीस तास, म्हणजे वर्षाला बारा तासही नाहीत. आमच्याकडे नळाला पाणी यापेक्षा जास्त वेळ येतं, आणि आम्ही त्याबद्दल मोर्चे काढतो.

भाव मात्र चढले. आडतशेठ हे गणित पटकन समजले. त्यांनी दुसरा जोड उचलला, पहिल्याचे सुटे भाग म्हणून. मग त्या सुट्या भागांचं काही बरंवाईट झालं तर, म्हणून तिसरा. तिन्ही जोड खोक्यात. “मला गाण्यातलं काही कळत नाही,” ते मोकळेपणाने म्हणाले, आणि त्या गच्चीवरचा तेवढा एक प्रामाणिक माणूस मला तोच वाटला. पण पुढे म्हणाले, “सोयाबीनला हमीभाव पाच हजार तीनशे अठ्ठावीस, तेवढासुद्धा बाजारात निघत नाही. अन् हा बंद पडलेला माल बघा. मी तर म्हणतो, शेतकऱ्यांनी पण एक पत्रक काढावं. सोयाबीनची मालिका बंद.” सगळे हसले. मीही हसणार होतो. पण हा विनोद करणारा माणूस तोच आहे, जो शेतकऱ्याचं पोतं उघडून मूठभर दाणे तळहातावर घेतो, दोन फोडतो, “ओल हाय” म्हणतो आणि भाव पाडतो. स्वतःच्या घरातलं तीन खोकी न वाजलेलं लाकूड त्याने उघडूनसुद्धा पाहिलेलं नाही, आणि त्याला भाव पुरा पाहिजे, वर चढता पाहिजे.

गेल्या हिवाळ्यात गावात एक बैठक झाली. खरे दोन तंबोरे, खरा तबला, आणि गायला बसलेली बाई तर इतकी खरी, की मधेच तिला ठसका लागला आणि ती पाणी प्यायली. तिकीट नव्हतं. सातशे खुर्च्यांचं सभागृह, माणसं साठ, त्यांतली वीस आयोजकांच्या घरची आणि चार जेवण चुकू नये म्हणून थांबलेली. ‘तबलजीच्या बोटांची नखं ऐकू येतात’ म्हणणारे हे मालक त्यांत होते? एकही नव्हता. जिथं नखं डोळ्यांनी दिसत होती तिथं एकही नव्हता. मी एकेकाला गाठून विचारलं. उत्तर सगळ्यांचं एक, “त्या हॉलमध्ये मजा नाही ओ. आवाज घुमतो.” अहो, घुमणारच! रिकामा आहे म्हणून घुमतो! माणसं आवाज पितात. कपडे पितात, शाली पितात, भरलेल्या खुर्च्या पितात. सातशे माणसं बसली की तेच सभागृह शहाण्यासारखं वागायला लागतं, हे बॅरलचं शास्त्र सांगणाऱ्या सरांना मी सांगावं? घरातल्या खोलीत प्रतिध्वनी नको म्हणून भिंतीला चटया लावता, खिडक्यांना दुहेरी पडदे शिवता, पुस्तकांची कपाटं मोजून मापून ठेवता; आणि तिथं प्रतिध्वनी घालवायला स्वतः जाऊन बसायचं होतं, दोन तास, तर तुमचे गुडघे दुखतात. ती बाई साठ माणसांपुढे अडीच तास गायली. तिला कोणी दोनशे तासांची मुदत दिली नव्हती. पहिल्या षड्जालाच ती उघडली होती. तुम्ही तेव्हा घरी कुठल्या वायरीला चांदीचा मुलामा आहे आणि कुठल्या वायरीला नाही यावर बोलत होतात. मालिका बंद झाली म्हणून रडता कशाला? तुमचं ऐकणं कधीच बंद झालं होतं, त्याचं पत्रक कोणी काढलं नाही एवढंच.

असो. चहा प्यायलो मी एक.

बंद व्हायला पाहिजे ते स्पीकर मात्र बंद होत नाहीत, हेही इथंच सांगून टाकतो, विषय निघालाच आहे तर. २००० सालच्या नियमांत वस्तीसाठी मर्यादा आहे दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेल्या भिंतीपुढे हा आकडा वाचून दाखवायचा तर तो ऐकूच येणार नाही. ते मॉडेल दरवर्षी नवं येतं आणि गेल्या वर्षीपेक्षा एक मजला उंच असतं. भांड्यांच्या फळीवरचे पेले नाचत खाली येतात. आणि गोधडीखालचा मालकंस जपणाऱ्या आमच्या या नाजूक कानांच्या मंडळींनी त्याविरुद्ध एक अर्ज केला असेल तर शपथ. उलट मंडळाचं पावतीपुस्तक चाळा. वर्गणी एक हजार एक, दोन हजार एक, आणि आडतशेठ पाच हजार एक, ‘डीजे खर्चासाठी’.

कारखान्याला मी सोडतोय असं समजू नका. चार ओळींत माणसांना वाऱ्यावर सोडणारे लोक ते. युरोपात २०२१ पासून कपडे धुण्याच्या यंत्रांचे, फ्रिजचे सुटे भाग मॉडेल बंद झाल्यावरही सात ते दहा वर्षं देत राहावे लागतात, असा नियमच आहे. त्या यादीत स्पीकर नाहीत. नसेनात का. पण स्पीकर ही धुण्याच्या यंत्रापेक्षा फार साधी वस्तू आहे, आणि ती मरते म्हणजे काय होतं हे ज्याला माहीत आहे असा माणूस गंजगोलाईमागच्या एका बोळात बसतो. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यांतला कुठला ते सांगत नाही.

सरांना मीच तिकडे घेऊन गेलो. गोधडी काढल्यावर दिसलं होतं, की दोन्ही वूफरचा फोमचा घेर बोट लावलं की पिठासारखा गळतोय. मिस्त्रीमामांनी वूफर उलटासुलटा केला, पेन्सिल सेलची दोन टोकं वायरींनी मागच्या टर्मिनलला लावली. कोन टुपकन बाहेर उडी मारून थांबला. “कॉइल जित्ती आहे,” मामा म्हणाले. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा वूफर तिथं उघडाच पडला होता, त्यावर त्यांनी सरांना सगळं दाखवलं. जुना घेर आणि वाळलेला गोंद पात्याने खरवडून काढलेला. जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या बोटभर लांब पट्ट्या कापून कॉइल आणि लोखंडाच्या मधल्या फटीत चहूबाजूंनी खोचलेल्या, म्हणजे कॉइल मध्यावरून रेसभरही हलत नाही. त्या फटीला नखसुद्धा जाणार नाही, आणि मामांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. नवा घेर चिकटवायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी पट्ट्या उपसायच्या आणि दोन्ही हातांच्या बोटांनी कोन हलकेच दाबून कानाशी धरायचा. घासल्याचा आवाज आला नाही की झालं. कोणाच्या तरी बरगड्या दिसत होत्या त्या पट्ट्यांवर.

“वूफर मरत नसतो, सर. घेर मरतो,” मामा म्हणाले. “अजून वीस वर्षं वाजतील.”

“किती घेणार?”

“एकाचे साडेचारशे.”

दोन लाखांना मागणी आलेला जोड. सर म्हणाले, “दोन्हीचे सातशे करा की, मामा.”

मामांनी आठशे सांगितले. सरांनी साडेसातशे. एक्स-रेची फिल्म आम्हीच आणून देतो, हेही सांगून झालं. शेवटी पावणेआठशेला तुटलं. मग सरांना आठवण झाली.

“नवा घेर बसल्यावर परत दोनशे तास का?”

“कशाचे तास?”

“उघडायला.”

मामांनी माझ्याकडे बघितलं. “गोंद वाळला की लावा अन् ऐका की, सर. ठेवून देऊ नका. फोम वाजवला तरी गळतो, अन् नाही वाजवला तरी गळतोच.”

सर बराच वेळ गप्प राहिले. मला वाटलं, पटलं. मग त्यांनी वूफर मामांच्या हातून अलगद काढून घेतला आणि वर्तमानपत्रात गुंडाळायला लागले.

“राहू द्या मग,” म्हणाले. “घेर बदलला की ओरिजिनल राहत नाही. भाव पडतो.”